सेवा-सहलीत गरिबी कितपत कळते?

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या सेवा-सहलीबरोबर आठ दिवस नेपाळला जाऊन आली. सोलापुरातून परदेशी सहल न्यायची तर नेपाळ सोयीचा पडतो, कारण भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि १५ ते १८ वयाच्या मुलांना प्राचार्यांनी दिलेले ओळखपत्रही चालते. परत आल्यावर तिने मला मोबाइलवर फोटो दाखवले : शाळेच्या भिंतीला पिवळा रंग देणारी मुले, वह्या-पेन घेण्यासाठी लागलेली रांग, मातीच्या ओट्यावर बसून चहा देणारी एक म्हातारी. फोटो संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, त्यांच्याकडे काहीच नाहीये, तरी ती लोकं किती आनंदी आहेत!"

अशा सहलीहून परतलेल्या बहुतेक मुलांच्या तोंडी हे वाक्य असते. मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि त्यांतली बरीच वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून मुलांना गावोगावच्या शिबिरांना नेले, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. ते खोटे नसते. मुलांना जे दिसले तेच ती सांगतात. मात्र दारात पाहुणा आला असताना कोणी रडगाणे गात नाही, हे मुलांच्या लक्षात येत नाही. म्हातारीने चहात घातलेले दूध घरच्या गाईचे होते की दुकानातून उधारीवर आणलेले होते, हे कपाकडे पाहून कळत नाही. गरिबीचा मोठा भाग असा जमाखर्चात, उधारीच्या वहीत आणि पुढच्या महिन्याच्या काळजीत दडलेला असतो. तो आठ दिवसांत कितपत कळू शकतो आणि कळण्यासाठी काय करावे लागते, हे इथे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

सुरुवात आकड्यापासून करू, कारण सहलीत मुलांना तोच आधी सांगितला जातो. "ही माणसे दिवसाला तीन डॉलरवर जगतात," असे नातीच्या गटाला सांगण्यात आले, आणि मुलांनी लगेच मोबाइलवर गुणाकार करून अडीचशेच्या वर रुपये काढले. एकाने तर एवढ्यात भागायला हरकत नाही, असेही म्हणून टाकले. हा गुणाकार चुकीचा आहे. जागतिक बँकेच्या दारिद्र्यरेषेतला डॉलर बँकेत बदलून मिळणारा डॉलर नव्हे. तो खरेदीशक्तीचा डॉलर आहे. अमेरिकेत तीन डॉलरमध्ये जेवढ्या वस्तू आणि सेवा येतात, तेवढ्या आपल्या देशात घ्यायला किती रुपये लागतील, असा तो हिशेब असतो. आपल्याकडे केस कापणे, रिक्षा, भाजी हे सगळे अमेरिकेपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे ते तीन डॉलर २०२१ च्या किमतींनुसार भारतात सुमारे ६० रुपये होतात. या ६० रुपयांत एका माणसाचे एका दिवसाचे खाणे, कपडा, भाडे, औषध, प्रवास आणि शाळा, सगळे बसवायचे असते. अडीचशे ऐकून निर्धास्त झालेली मुले साठ ऐकल्यावर गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

ही रेषासुद्धा एका जागी थांबलेली नाही. १९९० साली ती दिवसाला एक डॉलर होती; पुढे १.२५, मग १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. रेषा सरकली की एका रात्रीत कोट्यवधी माणसे कागदोपत्री गरीब होतात, त्यांच्या चुलीवर मात्र काही फरक पडलेला नसतो. नेपाळचेच उदाहरण घ्या. तिथल्या सरकारने २०२२-२३ च्या पाहणीत दर माणशी वर्षाला ७२,९०८ नेपाळी रुपये ही रेषा धरली, तेव्हा २०.२७ टक्के लोक तिच्याखाली आले. आधीच्या पाहणीतली जुनीच रेषा ठेवली असती, तर हा आकडा साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला असता. १९९३ पासून एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा ठरलेला दर आहे, त्यामुळे ती रेषा आपल्या पैशात वर्षाला साधारण ४५,५०० रुपये, म्हणजे दिवसाला सव्वाशे रुपये होते. आपल्याकडे गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी जी रेषा काढली गेली, ती ग्रामीण भागात दर माणशी महिन्याला ८१६ आणि शहरात १,००० रुपये होती, म्हणजे दिवसाला अनुक्रमे २७ आणि ३३ रुपये. मधल्या दहा-अकरा वर्षांतली महागाई जमेस धरली तरी दोन देशांच्या रेषा एकमेकींशेजारी ठेवून कोण किती गरीब, हे ठरवता येत नाही, कारण मोजपट्टीच वेगळी आहे.

मोजपट्टी कुठून येते, हे मराठी वाचकाला परके वाटू नये. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च धरून रेषा काढली होती : १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. पोट भरणे हा तेव्हाचा निकष होता. आज पोट भरलेले पण शाळा सुटलेले मूल गरीब धरायचे की नाही, असा प्रश्न पडतो, आणि त्यातून २०१० पासून बहुआयामी दारिद्र्याचे मोजमाप सुरू झाले. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंचे १० निर्देशक असतात. पोषण, बालमृत्यू, शाळेची वर्षे, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर आणि घरातल्या वस्तू. प्रत्येक निर्देशकाला ठरलेले वजन देऊन केलेल्या बेरजेत एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त उणीव असेल, तर ते कुटुंब गरीब धरतात. आता या दहांमधले सहलीच्या मुलांना काय दिसते ते पाहा. घर, चूल, नळ आणि दिव्याची वायर दिसते. शाळेची हजेरी दिसत नाही, कारण पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी सगळी मुले शाळेत आलेली असतात. पोषणही नजरेला फसवते, कारण वाढ खुंटलेले आठ वर्षांचे मूल नवख्या माणसाला सहा वर्षांचे वाटते आणि तो त्याचे गाल ओढून पुढे जातो.

यापेक्षाही लपलेली गोष्ट म्हणजे मिळकतीची अनियमितता. हे मी नातीला नेपाळच्या उदाहरणाने न सांगता अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीला नेऊन दाखवले. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत २००६ साली झाली, आणि जवळच रे नगर या कामगार वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. माझ्या ओळखीच्या एका बाई तिथे राहतात. घर पक्के आहे, नळ आहे, टीव्ही आहे, आणि नातीला वर सांगितलेल्या मोजपट्टीवर तिथे खूण करण्यासारखे फारसे सापडले नाही. मग बाईंनी तिला काम दाखवले. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्या मापाने कातरीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि तोंड दुमडायचे. मजुरी हजार विड्यांवर. पाने आणि तंबाखू कारखान्यातून मोजून मिळतात, विड्या मोजून द्याव्या लागतात, आणि त्यांतल्या काही बाद ठरतात. बाईंची मातृभाषा तेलुगू, पण सोलापुरी मराठी आमच्यासारखीच. त्या म्हणाल्या, "पान खराब आलं की हजार भरत न्हाई बघ. मग पदरच्या पैशानं पान आणायचं. आन् हप्तेवाला काय पान बघत न्हाई, त्याला मंगळवारी हप्ता पायजे."

या तीन वाक्यांत गरिबीची अर्धी व्याख्या आली. मिळकत पानाच्या प्रतीवर, स्वतःच्या मानेच्या दुखण्यावर आणि कारखान्याच्या मागणीवर हलते. कर्जाच्या हप्त्यासारखा खर्च मात्र ठरलेल्या वाराला बांधलेला असतो. मधली फट भरायला भिशी, बचत गट, मायक्रोफायनान्स, दुकानाची उधारी आणि शेवटी गहाण ठेवलेले मंगळसूत्र, अशी एकामागून एक दारे ठोठावली जातात. एखाद्या महिन्याची सरासरी काढली, तर हे घर रेषेच्या वर दिसेल. आठवड्यांनी पाहिले, तर ते सारखे खाली-वर होत राहते. तिथून निघताना नातीने मला विचारले की नेपाळच्या त्या आजींच्या घरी हप्ता असेल का. तिच्या आठ दिवसांच्या सहलीत हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता, आणि सहलीचे वेळापत्रक पाहता सुचला असता तरी विचारायला वेळ नव्हता.

आणखी एक गोष्ट फोटोंत होती, पण पाहिली गेली नव्हती. गावातल्या फोटोंत म्हातारी माणसे, बाया आणि पोरे होती; पंचविशी-तिशीचे पुरुष जवळजवळ नव्हते. परदेशी गेलेल्या नेपाळी लोकांनी घरी पाठवलेला पैसा त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका असतो. आखाती देश, मलेशिया आणि भारत इथे ही माणसे राबतात. १९९५-९६ मध्ये नेपाळमध्ये सुमारे ४२ टक्के लोक गरीब होते आणि २०१०-११ पर्यंत ते प्रमाण २५ टक्क्यांवर आले. मधली दहा वर्षे यादवी युद्धाची असूनही हे घडले, त्याचे एक मोठे कारण हा पैसा होता. म्हणजे ज्या गावात मुले भिंत रंगवायला गेली, ते गाव आपल्या तरुण माणसांना बाहेर पाठवून स्वतःचा प्रश्न स्वतःच सोडवू पाहत होते. आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत काठी आपटत फिरणारा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघर पैसे गोळा करणारा गुरखा याच हिशेबातली एक रक्कम आहे. नातीने या महिन्यात त्याला पहिल्यांदाच गाव विचारले. त्याने पश्चिम नेपाळमधला अछाम जिल्हा सांगितला. नातीची बस मध्य नेपाळमधल्या पोखऱ्याच्या पलीकडे गेलीच नव्हती.

सोलापूरला यातले काही नवे असू नये. इथले विणकर तेलंगणातून आले, आणि दर हंगामात ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात. घरातला कर्ता माणूस बाहेर असला की मागे राहिलेल्यांचे काय होते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. पण परदेशी जाऊन आल्यावर ते घरी ओळखू यायला हरकत नसावी.

आता बालगृहाबद्दल, कारण या विषयात खरे नुकसान तिथे होते. नातीच्या गटाला एक दुपार पर्यटनस्थळाजवळच्या एका अनाथालयात घालवायला मिळाली. मुलांनी नाच करून दाखवला, एक चार-पाच वर्षांची मुलगी नातीच्या कडेवर बसली आणि निघताना सोडेना. नातीला रडू आले, आणि या सहलीतली सर्वांत चांगली दुपार म्हणून तिने तीच सांगितली. मला तिला जे सांगावे लागले, ते सांगताना मलाही बरे वाटले नाही. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुम्लासारख्या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांनी शिक्षण मिळेल या आशेने मध्यस्थांच्या हाती मुले सोपवली, आणि त्यांतली पुष्कळशी खोट्या कागदांनी अनाथ ठरवून काठमांडूच्या बालगृहांत ठेवली गेली. देशातली बहुतेक बालगृहे पर्यटक जातात त्याच मोजक्या जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात असल्याचे आढळले आहे. कंबोडियातही हेच दिसले. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुले लागतात. मुले हवीत म्हणून गरीब घरांतून ती आणली जातात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अशी आणखी मुले पळवली जातील या भीतीने नेपाळ सरकारला पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंधने घालावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची ने-आण हा शोषणाचाच प्रकार मानला.

राहिली गोष्ट ती कडेवर बसलेल्या मुलीची. घरात वाढणारे चार वर्षांचे मूल परक्या माणसापासून आधी लाजते, आईच्या पदरामागे लपते. दर आठवड्याला नवे ताई-दादा येऊन लाड करून निघून जातात अशा ठिकाणी वाढलेले मूल मात्र कोणालाही लगेच बिलगते, आणि बालमानसशास्त्रात हे जवळच्या माणसाची उणीव दाखवणारे लक्षण मानतात. ज्या दुपारी नातीला माया मिळाली, त्या दुपारी त्या मुलीच्या वाट्याला आणखी एक निघून जाणारी ताई आली.

हे वाचून नेपाळला नावे ठेवण्याआधी आपण वाढदिवसाचा केक घेऊन आपल्याच शहरातल्या बालगृहात जातो आणि मुलांना रांगेत उभे करून फोटो काढतो, ते आठवावे. अशा मुलांची ओळख उघड करण्यास आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि शिक्षेत सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. धान्य द्यायचे तर कार्यालयात देऊन परत येता येते.

भिंत रंगवण्याच्या कामाबद्दल फार लिहायला नको. समजा, २० मुलांनी प्रत्येकी ४०,००० रुपये भरले, तर ८ लाख झाले. त्यांतले रेल्वे, बस, हॉटेल आणि सहल कंपनी यांच्यात किती गेले आणि रंगाच्या डब्यांवर किती, हे पालकांनी विचारावे. त्या गावात रंगारी नव्हता असे नाही. त्याची आठवड्याची मजुरी मात्र बुडाली. प्रवास करणे हे स्वतःच चांगले असते आणि सहलीला सहल म्हणण्यात कमीपणा नाही. मेक्सिकोत उन्हाळी सेवेला येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ सालीच तोंडावर सांगितले होते की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला ते थोडे कठोर वाटते, पण माझ्या खाती जमा असलेला एक प्रसंग असा आहे की मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात सात दिवसांचे शिबिर घेतले. त्या वर्षीचा विषय होता शोषखड्डे. सांडपाणी घरासमोर साचून डास होतात, म्हणून खड्डा खणून, दगड-विटांनी भरून पाणी जिरवायचे. आम्ही मोठ्या उत्साहाने अठरा खड्डे खणले. समारोपाच्या दिवशी एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मास्तर, खड्डा लई बेस झाला, पर त्यात जिरवायला पानी कुठनं आणू? टँकर चार दिसांनी येतोय." गावाने आम्हाला बोलावलेच नव्हते, विषय वरून आला होता आणि गाव आम्ही यादीतून निवडले होते. अहवालात अठरा हा आकडा गेला. तो लिहिणारा मीच.

सोलापूरच्या मुलांना परदेशातल्या सेवेचे उदाहरण द्यायचे तर ते शोधायला जावे लागत नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९३८ मध्ये ते पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेव्हा जपानशी लढणाऱ्या चीनमधून कम्युनिस्ट सेनेचे जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केलेली होती. म्हणजे बोलावणे होते. कोटणीस वैद्यक शिकलेले होते, म्हणजे तिथे हवे असलेले काम त्यांना येत होते. ते चिनी भाषा शिकले, इतर सहकारी परतले तरी तिथेच राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. बोलावणे, अंगात असलेले काम, भाषा आणि मुदत, या चारही गोष्टी सोळा वर्षांच्या मुलाकडून आठ दिवसांत अपेक्षिणे अन्यायाचे आहे. म्हणून त्याच्याकडून सेवेची अपेक्षा कमी करावी आणि शिकण्याची वाढवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते करायचे तर तयारी जाण्याआधी व्हावी लागते. मुलांनी निघण्यापूर्वी आपल्याच घरातला एक महिन्याचा जमाखर्च स्वतः लिहून काढावा, मग घरी कामाला येणाऱ्या मावशींना, त्यांची तयारी असेल तर, आठवडा कसा भागवतात ते विचारावे. यजमान गावात वह्या वाटण्याऐवजी एका कुटुंबाबरोबर दोन दिवस राहावे, त्याचा मोबदला रोख द्यावा, आणि नेपाळी निदान इतकी यावी की पाणी किती लांबून आणता, दुकानदार उधार देतो का, मुलगा कुठे कामाला आहे, हे दुभाष्याशिवाय विचारता यावे. फोटो काढण्याआधी परवानगी मागावी आणि अनाथालयाची भेट वेळापत्रकातून सरळ काढून टाकावी.

नातीच्या महाविद्यालयाने पुढच्या वर्षीच्या सहलीआधी मुलांशी बोलायला मला बोलावले आहे. मी दोन शनिवार मागितले होते, त्यांतला एक कुंभारीला नेण्यासाठी. सध्या मला पाऊण तास मिळाला आहे, तोही बॅगेत काय भरावे हे सांगून झाल्यानंतर.